दीड मिनिटाचं इंजिन

ग्रंथालयात शिंक यायला लागली तर नाकाखाली बोट दाबून धरावं. शिंक परत जाते.

बाबागाडीच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं: कमाल वजन पंधरा किलो.

खोकल्याचं औषध खोकला नसताना घेतलं तर दुपारी छान झोप लागते.

दातांच्या डॉक्टरांकडे काडीला लावलेला एक छोटा गोल आरसा असतो. त्यात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची अक्कलदाढ दिसते, आणि ती दिसेपर्यंत बहुधा किडलेली असते.

वृद्धाश्रमाचा प्रवेश-अर्ज उत्तम जाड कागदावर छापतात. का, ते कुणी सांगत नाही.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. सोमवारी सकाळी नऊपर्यंत तरी नव्हता. नऊ वाजता, चहाच्या टेबलावर, आप्पांनी कप खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाले,

"त्यांना म्हणावं, पुढच्या सोमवारी गाडी येईल मला न्यायला. वृद्धाश्रमाचा फॉर्म आणलाय. सही केली की झालं. आणि ते इंजिन भंगारवाल्याला देऊन टाका."

'त्यांना' म्हणजे जावयांना. जावई हातभर अंतरावर, त्याच टेबलाशी, चहात बिस्किट बुडवून बसले होते. ते बिस्किट त्या क्षणी तुटून कपात पडलं.

इथे एक खुलासा हवा. आप्पा म्हणजे सासरे. चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेले फिटर. जावई म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. या दोघांनी एकतीस वर्षांत एकमेकांशी थेट एकही वाक्य बोललेलं नव्हतं. भांडण? छे! उलट आदर होता, आणि तो वाढत वाढत एवढा झाला होता की मधून शब्द जायला जागा उरली नव्हती. सगळी बोलणी ग्रंथपालांच्या बायकोमार्फत चालत. "त्यांना म्हणावं, पंखा कमी करू का?" "त्यांना म्हणावं, चालेल." मधे ती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कधी वैतागली की म्हणायची, "मी बायको आहे का टेलिफोन एक्स्चेंज?"

"पण का, आप्पा?" आता तिने स्वतःसाठी विचारलं.

"दोन वर्षं बसून खातोय. बंद मशीन आणि बंद फिटर घरात ठेवू नयेत. फरशीवर गंजाचा डाग पडतो."

फरशीवर डाग खरंच होता. दोन वर्षांपूर्वी आप्पा आले ते एक ट्रंक आणि एक इंजिन घेऊन. पाणी खेचायचं छोटं पेट्रोल इंजिन, पुढे पंप जोडलेला, सगळं मिळून एका धष्टपुष्ट कुत्र्याएवढं. आल्यापासून ते मागच्या गॅलरीत होतं. ग्रंथपालांनी त्यावर स्वच्छ प्लास्टिक घातलं होतं, कारण या घरात प्लास्टिकशिवाय काहीच नांदत नसे. त्यांच्या घरी पुस्तकांना वेष्टण, रिमोटला वेष्टण, वेष्टणांच्या गठ्ठ्याला वेष्टण. आणि प्रत्येक वस्तूवर लेबल. मिठाच्या डब्यावर 'मीठ' आणि खाली दाखल क्रमांक.

त्या दिवशी ग्रंथपाल चहा तसाच टाकून गॅलरीत जाऊन उभे राहिले. आप्पांनी राहावं असं त्यांना वाटत होतं. फार वाटत होतं. आप्पा आल्यापासून घरातला एकही नळ ठिबकला नव्हता, एकही दार कुरकुरलं नव्हतं, आणि हे सगळं कधी, कुणी केलं ते दिसलंही नव्हतं. असा माणूस ग्रंथपालांना अद्भुत वाटे. पण 'राहा' हे वाक्य सासऱ्यांना बायकोच्या तोंडून पाठवायचं, म्हणजे प्रेमपत्र शिपायाकडून वाचून दाखवल्यासारखं.

गॅलरीतून खाली इमारतीमागची जुनी विहीर दिसत होती, आणि तिच्याभोवतीची सुकत चाललेली बारा झाडं.

त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिन चालू झालं, तर विहिरीचं पाणी झाडांना. पाणी द्यायचं तर इंजिन चालवणारा माणूस हवा. माणूस तर घरातच होता.

दुपारी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला. सेक्रेटरी हा माणूस तोंडी 'हो'सुद्धा दोन प्रतींत म्हणणारा. संध्याकाळी उत्तर आलं:

*विषय: मागील विहिरीवर खाजगी इंजिन चालवून झाडांस पाणी घालणेबाबत. महोदय, समिती रविवारी सकाळी दहा वाजता समक्ष पाहणी करील. इंजिन सलग दहा मिनिटे चालल्यास आपल्या सासऱ्यांची मानद चालक म्हणून नेमणूक करण्यास हरकत नाही. न चालल्यास विहिरीवर स्लॅब टाकण्यात येईल. टीप: तोपर्यंत इमारतीत इंजिनाचा आवाज करू नये.*

ग्रंथपाल खाली गेले. "सेक्रेटरीसाहेब, आवाज न करता इंजिन चालू झालंय हे मला कळणार कसं?"

"ते तुम्ही बघा."

"निदान तासभर तरी?"

बरीच चर्चा होऊन पेन्सिलीने दुरुस्ती झाली: दुपारी चार ते पाच आवाजास परवानगी. खाली दोघांच्या सह्या.

"आप्पांना सांगू का?" बायकोने विचारलं.

"अजिबात नको. आधी चालू होऊ दे."

आता हे इंजिन चालू करायची रीत अशी. पुढच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि जोरात ओढायची. चालू झालं तर झालं. नाही झालं तर दोरी पुन्हा गुंडाळायची. मंगळवारी चार ते पाच ग्रंथपालांनी एकेचाळीस वेळा दोरी गुंडाळली. बेचाळिसाव्या वेळी दोरीचं टोक उलटं फिरून त्यांच्या चष्म्यावर बसलं. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. बत्तीस वर्षं लोकांना गप्प बसवण्यात गेलेला माणूस एका यंत्राला 'बोल, बाबा' म्हणून विनवत होता, आणि यंत्र नियम पाळत होतं.

गॅलरीच्या दाराशी आप्पा खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. ते मधूनच खोकायचे.

"आप्पांना खोकला झालाय का गं?"

"सकाळी तर नव्हता."

ग्रंथपालांनी तत्परतेने दोन चमचे औषध पाठवलं. आप्पांनी औषधाकडे पाहिलं, जावयांकडे पाहिलं आणि मुकाट्याने घेतलं. जावयांनी पाठवलेलं नाकारायचं कसं? मग त्यांना झोप लागली.

टाकीचं झाकण उघडून वास घेतल्यावर कळलं की आतलं पेट्रोल दोन वर्षांत शिळं होऊन त्याचं वॉर्निश झालं होतं. बुधवारी ग्रंथपाल बाटली घेऊन पेट्रोल पंपावर गेले.

"बाटलीत मिळणार नाही," पंपावरचा माणूस म्हणाला.

"का बरं?"

"नियम आहे. फक्त वाहनाच्या टाकीत."

नियम हा शब्द ऐकला की ग्रंथपालांची मान आपोआप आदराने झुकते. ते घरी परत आले. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून त्यांच्या नातवाची बाबागाडी मागून घेतली. त्यात इंजिन ठेवलं, ऊन लागू नये म्हणून वर दुपटं घातलं आणि निघाले. बाबागाडी एखाद्या म्हाताऱ्यासारखी कण्हत चालली होती. कोपऱ्यावर एक बाई थांबल्या, वाकल्या.

"अगंबाई! किती महिन्यांचं?"

ग्रंथपालांना खोटं बोलता येत नाही. "बावन्न वर्षांचं," ते म्हणाले.

बाईंनी दुपट्याखाली डोकावलं आणि झटकन रस्ता ओलांडला.

पंपावरचा माणूस बराच वेळ बाबागाडीभोवती फिरला.

"हे वाहन आहे?"

"चार चाकं आहेत. इंजिन आहे. टाकी आहे. तुमच्या नियमात आणखी काय लिहिलंय?"

"हॉर्न?"

ग्रंथपालांनी बाबागाडीच्या दांड्याला बांधलेलं रबरी बदक दाबलं. बदक बोललं. मागे रांगेत उभ्या असलेल्या ट्रकवाल्याने उत्तर दिलं. पंपावरच्या माणसाने नळी उचलली आणि अतिशय आदराने विचारलं, "फुल करू का साहेब?"

घरी येताना बाबागाडीचं एक चाक निघालं. आप्पांनी ते कधी बसवलं, कुणाला दिसलं नाही.

नवं पेट्रोल घालूनही इंजिन ढिम्म. मग कार्बोरेटर उघडायचं ठरलं. हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतात, त्या मुठीएवढ्या भांड्याचं हे नाव. ग्रंथपालांनी ते ग्रंथपालासारखं उघडलं. प्रत्येक भाग वेगळ्या पाकिटात, पाकिटावर क्रमांक, क्रमांकाचं कार्ड, कार्डाचा खोका.

*१४. स्क्रू, पितळी, लहान. हेही पाहा: १५.*

*१५. स्क्रू, पितळी, त्याहून लहान. हेही पाहा: १४.*

*१६. काय आहे कळले नाही. महत्त्वाचे वाटते.*

सगळं आकारमानानुसार लावल्यामुळे फार देखणं दिसत होतं. मात्र कुठला भाग कुठून काढला, हे एकाही कार्डावर नव्हतं. आप्पा खोकले. त्यांना औषध गेलं.

तेवढ्यात बाबागाडी न्यायला डॉक्टरीणबाई आल्या त्या तिथेच रमल्या. "काका, थांबा हं," म्हणत त्यांनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि कार्बोरेटरच्या घशात घातला. "आ कर," असंही सवयीने म्हणाल्या. मग सोळा नंबरच्या पाकिटातला पितळी तुकडा उचलून उजेडात धरला. "याला मधोमध भोक आहे. बुजलंय. रूट कॅनाल करावं लागेल."

वायरीतली केसाएवढी तार घालून त्यांनी ते भोक मोकळं केलं. "आता बघा."

ग्रंथपालांनी तुकडा डोळ्याला लावला. सुईच्या टोकाएवढ्या त्या भोकातून समोरच्या इमारतीची गच्ची दिसली, गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली, टाकीवर बसलेला एक कावळा दिसला. ते पाहतच राहिले. बावन्न वर्षं या एवढ्याशा वाटेने पेट्रोल येत होतं, आणि त्यावर कुठल्या कुठल्या विहिरी उपसल्या गेल्या, शेतं भिजली. बुजलं ते एवढंसं भोक, आणि अख्खं इंजिन मुकं.

"अगं, बघ," ते बायकोला हळूच म्हणाले. ग्रंथालयात बोलतात तसं.

तिनेही पाहिलं. "कावळा उडाला," ती म्हणाली.

तो एक दिवस ग्रंथपालांचा. सुटे भाग परत बसवायला अख्खा गुरुवार गेला, तो सांगण्यासारखा नाही. एक स्क्रू उरला. त्याला कार्ड आहे.

शुक्रवारी ठिणगीची परीक्षा. त्याला अंधार हवा, म्हणून इंजिनाची टाकी रिकामी करून पेट्रोलचा डबा पार गॅलरीच्या टोकाला ठेवला आणि इंजिन न्हाणीघरात नेलं. दार बंद. ग्रंथपालांनी प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर पोहायचा चष्मा. बायकोने दोरी ओढायची.

"ओढू?"

"ओढ."

आणि अंधारात, तांदळाच्या दाण्याएवढी, निळी ठिणगी उडाली. टिक्.

ग्रंथपाल आणखी खाली वाकले.

"पुन्हा," ग्रंथपाल कुजबुजले.

टिक्.

बॅटरी नाही, विजेची तार नाही. नुसतं एक चाक फिरलं, आणि कुठेच नव्हती ती आग इथे आली. ग्रंथपालांनी वीज या विषयावरची चारशे पुस्तकं हाताळली होती, त्यांच्या पाठी चिकटवल्या होत्या. एकातही हे नव्हतं. किंवा असेल, त्यांनी वाचलं नव्हतं, नुसतं जागेवर लावलं होतं.

"अजून एकदा," ते म्हणाले.

"अहो, नऊ वेळा झालं. माझा खांदा गेला."

बाहेर आल्यावर बायकोचं लक्ष आप्पांकडे गेलं. ते दाराबाहेरच उभे होते.

"निळी होती का पिवळी?" त्यांनी मुलीला विचारलं.

"निळी."

"हं," आप्पा म्हणाले, आणि हसू दाबत खुर्चीकडे वळले. खुर्चीशेजारी ट्रंक होती. अर्धी भरलेली.

त्याच दिवशी, चार वाजून सव्वीस मिनिटांनी, इंजिन चालू झालं. आधी एक ढेकर, मग धूर, मग असा आवाज की वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत गाण्याचा क्लास चालू होता तो तत्क्षणी मध्य लयीतून द्रुत लयीत गेला. ग्रंथपाल दोन्ही हात हवेत धरून उभे होते. या आवाजाचे धनी आपण, हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

आणि दीड मिनिटाने ते बंद पडलं.

पुन्हा दोरी. काही नाही. पेट्रोल संपलं की काय म्हणून त्यांनी झाकण उघडलं, तर टाकीने 'हुश्श' असा लांब सुस्कारा टाकला. पेट्रोल होतं. तरी त्यांनी आणखी घातलं. इंजिन चालू! सव्वा मिनिट. बंद. झाकण, सुस्कारा, आणखी पेट्रोल. चालू! पाऊण मिनिट.

ग्रंथपालांनी वहीत लिहिलं: *भूक फार आहे.* शनिवारी त्यांनी टाकी काठोकाठ भरली. चाळीस सेकंद. जेवढं जास्त पाजावं तेवढं लवकर झोपत होतं.

आप्पांच्या खोकल्याने आता भलताच जोर धरला होता. औषधाची दुसरी बाटली आली.

बायको शेवटी बापासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आप्पा, तुम्हाला कळतंय ना काय बिघडलंय ते?"

"कळतंय."

"मग सांगा ना!"

"त्यांनी विचारलं नाही."

ती नवऱ्याकडे गेली. "विचारा ना त्यांना!"

"कसं विचारू? बत्तीस वर्षं लोक मला विचारत आले. मला ती सवय नाही." हे खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं त्यांनी सांगितलं नाही. या घराला आपली गरज नाही असं ज्याला वाटतंय, त्याच्यापुढे चालू इंजिन नेऊन ठेवायचं, अशी त्यांची कल्पना होती. ती फार सुंदर कल्पना होती. तिच्यात एकच खोट होती, आणि ती त्यांना रविवारी सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी दिसली.

रविवारी दहाला समिती विहिरीवर हजर. सेक्रेटरी, त्यांचं घड्याळ आणि दोन सभासद. डॉक्टरीणबाई नातवाला बाबागाडीत घालून आल्या होत्या. आप्पांना बायकोने हात धरून खाली आणलं. "शेवटचं बघून घ्या," एवढंच सांगून. ते झाडाखाली खुर्चीवर बसले. खिशातून फॉर्मची घडी डोकावत होती.

तिसऱ्या दोरीला इंजिन चालू झालं. पाइप फुगला, थरथरला आणि तोंडातून पाणी आलं. हिरवट, थंड, जाडजूड धार. सभासदांच्या तोंडून "अरे वा!" निघालं.

बेचाळीस सेकंद.

"बेचाळीस सेकंद," सेक्रेटरींनी लिहून घेतलं.

पुन्हा दोरी. पुन्हा. अकराव्या वेळी ग्रंथपालांचा पाय घसरला आणि ते नुकत्याच झालेल्या चिखलात, सगळ्या समितीसमोर, पद्मासनात बसले.

"आणखी किती वेळ थांबायचं?" सेक्रेटरी म्हणाले. "स्लॅबवाला बाराला येतोय."

झाडाखाली आप्पा जीव तोडून खोकले. बायकोने पर्समधून औषधाची बाटली काढली. आणि चिखलात बसल्या बसल्या ग्रंथपालांना एकदम आठवलं की आप्पा सकाळी खोकत नाहीत. जेवताना खोकत नाहीत. आप्पा पाच दिवस फक्त चार ते पाच, आपण इंजिनाशी झटत असताना, खोकत होते. म्हणजे ज्याची गरज आहे हे दाखवायचं, त्यालाच वगळून आपण इंजिन चालू करायला निघालो होतो.

ते उठले. पाठ चिखलाने भरलेली. चालत आप्पांसमोर गेले. घसा साफ केला. बायको सवयीने मधे येऊन उभी राहिली. त्यांनी तिला हळूच बाजूला केलं.

"आप्पा," ते म्हणाले, "काय चुकतंय माझं?"

"आप्पा, हे विचारतायत की—" बायकोने सुरुवात केली.

"ऐकलं मी," आप्पा म्हणाले. ते जावयांकडे पाहत होते. एकतीस वर्षांत त्यांनी हा चेहरा समोरून असा कधी पाहिलाच नव्हता. नेहमी बाजूने, चहा पिताना. "झाकण," ते म्हणाले.

"झाकण?"

"टाकीच्या झाकणाला वर भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर पेट्रोल उतरत नाही, नाकाखाली बोट दाबलं की शिंक अडते तसं. त्याला धाप लागते. दाराशी बसल्या बसल्या ऐकू येत होतं मला." ते खुर्चीवरून उठले. "तुम्ही झाकणावर काय चिकटवलंय?"

"लेबल."

"आणि त्यावर?"

"पारदर्शक टेप."

"आणि त्याच्यावर?"

ग्रंथपालांनी मान खाली घातली. "आणखी एक टेप. कोपरे सुटू नयेत म्हणून."

आप्पा इंजिनाजवळ जाऊन बसले. नखाने खरवडायला लागले. टेप निघाली, दुसरी निघाली, लेबल निघालं. ते त्यांनी चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ वाचलं. मग घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत, आप्पा?" ग्रंथपालांनी विचारलं. दुसरं पूर्ण वाक्य. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"विचारलंत कुठे? औषध पाजत होतात. ओढा दोरी."

इंजिन चालू झालं. एक मिनिट. दीड मिनिट. ग्रंथपालांनी श्वास रोखून धरला. दोन. तीन. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात उतरलं, भरून ओसंडलं, दुसऱ्याकडे निघालं. आवाज एकसारखा, भरदार, दमदार. बाबागाडीतलं पोर त्या तालावर शांत झोपून गेलं. चिखलाने माखलेले ग्रंथपाल त्या झाकणावरच्या भोकाकडे पाहत होते. त्या भोकातून काहीच जाताना दिसत नव्हतं. तेच आत जात होतं, आणि त्याच्यावर बारा झाडं चालली होती.

"दहा मिनिटं," सेक्रेटरी ओरडले. कुणाला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी कागदावर लिहून दाखवलं.

आप्पांनी इंजिन बंद केलं. पंपाच्या जोडापाशी बोट फिरवलं. बोट ओलं झालं. "इथून गळतंय. आतलं पॅकिंग कुजलंय. जाड कागद लागेल."

"वहीचा पुठ्ठा आणू?" ग्रंथपाल म्हणाले.

"पुठ्ठा फार जाड." आप्पांनी खिशातून फॉर्म काढला, चिमटीत धरून त्याची जाडी पाहिली आणि मुलीकडे हात पुढे केला. "कात्री दे गं."

त्यांनी फॉर्म जोडावर ठेवला, अंगठ्याने कडा उमटवली आणि गोल कापला. अर्जदाराचे नाव, वय, व्यवसाय आणि सहीची रिकामी जागा, सगळं ग्रीस माखून पंपात गेलं.

लेबल ग्रंथपालांनी दोन वर्षांपूर्वी, आप्पा ट्रंक आणि इंजिन घेऊन आले त्याच संध्याकाळी, चिकटवलं होतं. त्यावर लिहिलं होतं: संदर्भ विभाग. बाहेर नेता येणार नाही.